ऑइलच्या डब्यावरचे दोन आकडे

मघाशी पार्किंगमध्ये गाड्या बघत होतो. बऱ्याच जणांनी सांगितलं, "२०डब्ल्यू-५० ग्रेडचं इंजिन ऑइल टाकलंय. ऑफ-रोडला इंजिनावर लोड येतो ना, मग घट्ट ऑइल बरं." लोड येतो हे खरंच आहे. चढावर फोर-लोमध्ये, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हच्या सर्वांत हळू गिअरमध्ये, गाडी माणसाच्या चालीनं सरकते, आरपीएम चढलेला असतो, रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. हायवेला शंभरच्या आसपास असणारं ऑइल अशा वेळी १२० अंशांपर्यंत जाऊ शकतं.

आता डब्यावरचा दुसरा आकडा पाहा, समजा १५डब्ल्यू-४० मधला ४०. ४० म्हणजे १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक इतका दाटपणा. तेच ऑइल १२० अंशांना साधारण नऊवर उतरतं, म्हणजे जवळपास ३० ग्रेडइतकं पातळ होतं. क्रँक आणि बेअरिंगमधला ऑइलचा पापुद्रा तेवढ्यावर टिकायला हवा. म्हणून मी नुसता ग्रेड बघत नाही, एचटीएचएस बघतो: १५० अंशांना, जोरात घासलं जात असताना उरणारा दाटपणा. ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन डबे सारखे नसतात. डब्यावर एसीईए या युरोपीय मानकाचा सी३ वर्ग असेल तर हा आकडा किमान ३.५ असतो, सी२ असेल तर २.९ असला तरी चालतो. दिवसभर वाळूत गाडी ओढणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

पहिला आकडा थंडीचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. हा धडा मी पँगाँगला शिकलो. ऑक्टोबरची पहाट, गाडीत २०डब्ल्यू-५०. स्टार्टर कण्हत कण्हत फिरला, इंजिन लागलं, पण ऑइल प्रेशरचा दिवा विझेना. ते काही सेकंद मला अजून आठवतात. टर्बोच्या बेअरिंगला तेवढा वेळ ऑइल कमीच मिळत होतं. शिवाय ऑइल फार घट्ट असलं की फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं. आपण धुळीत हिंडणारी माणसं, आपल्याला हे परवडत नाही.

मग टाकायचं काय? मॅन्युअल उघडा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो. त्या तक्त्याच्या बाहेर जाऊ नका, पण आत निवड करा. १५डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही चालत असतील, तर सह्याद्रीत उन्हाळ्यात पहिलं पुरेसं आहे. लडाखला जाताना दुसरं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ डिझेलला कमी राखेचंच ऑइल लागतं, नाहीतर राख त्या फिल्टरमध्ये साचत जाते.

आणि डिपस्टिक रोज काढा, गाडी सपाटीवर उभी करून. पातळी कमी असेल तर तीव्र उतारावर ऑइल चेंबरच्या एका टोकाला जातं आणि पंप हवा ओढतो. तिथे कुठलाच ग्रेड कामाला येत नाही. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर वास घ्या. डिझेलचा वास आला, तर तुमचं ४० आता ४० राहिलेलं नाही, ऑइल बदला. आणि ओढा ओलांडल्यावर डिपस्टिकवर दुधी चहासारखा रंग दिसला, तर इंजिन चालू न करता गाडी ओढून न्या.