परड्यातला होला

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत घरामागच्या मोकळ्या जागेला परडे म्हणतात. शेणींचा हुडवा, शेवग्याचे झाड, न्हाणीचे पाणी मुरते तिथे लावलेली केळ आणि कोंबड्यांसाठी टाकलेल्या दाण्यांत निःशंकपणे चोच घालणारे दोन-चार होले, एवढे असले की परडे पुरे होते. मानेवर पांढऱ्या ठिपक्यांची काळी पट्टी असलेल्या होल्याला कवडाही म्हणतात. मानेमागे काळी अर्धी कंठी असलेला तो कंठी होला, आणि छातीवर तांबूस-काळी नक्षी असलेला, त्याहून लहान, तो छोटा होला. देवळाच्या वळचणीला राहणारा पारवा याच कुळातला असला, तरी आजचे बोलणे त्याच्याविषयी नाही.

होल्याविषयी बोलण्याआधी मला एक कबुली द्यावी लागेल. मी होला खाल्लेला आहे. करवीर तालुक्यातल्या आमच्या आजोळी उन्हाळ्याच्या सुटीत पेरूच्या फांदीची बेचकी आणि सायकलच्या ट्यूबचे रबर घेऊन आम्ही भावंडे हिंडत असू. नेम फारसा कोणाचा लागत नसे; पण मामांकडे छर्‍यांची बंदूक होती आणि दहा पावलांवर निवांत दाणे टिपणाऱ्या पाखराचा तिच्यापुढे निभाव लागणे शक्य नव्हते. पिसे उपटून, जाळावर धरून, कांदा-लसूण चटणी आणि तीळ-खोबऱ्याचे वाटण घालून मामी त्याचा रस्सा करीत. तांबड्या रश्शाच्या या मुलखात तो वाईट कसा होईल? तरीही खरे सांगायचे, तर चव होती ती मामींच्या वाटणाची. छोटा होला पिसांसकट शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो, कवडा त्याहून थोडा अधिक, आणि साफ केल्यावर छातीवरचे गडद लाल मांस तेवढे हाती लागते. तीन होल्यांत आम्ही आठ जण जेवलो, म्हणजे भाकरी आणि रस्साच जेवलो.

होला पोटासाठी मारला जातो, हे म्हणूनच मला पुरते पटत नाही. तो मारला जातो, कारण तो हाताशी असतो आणि पुष्कळ असतो, असे आपल्याला वाटते. त्याला आणखी एक निमित्त मिळते, ते औषधाचे. अंगावरून वारे गेलेल्या माणसाला पारव्याचे किंवा होल्याचे मांस, काही ठिकाणी तर रक्त, दिले की गुण येतो, हा समज अजूनही ऐकू येतो. त्याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. लकव्याच्या रोग्याला पहिल्या काही तासांत रुग्णालयात पोहोचवावे लागते, आणि ते तास पाखरामागे धावण्यात जाऊ नयेत.

आता त्याच्या संसाराकडे पाहू. होल्याचे घरटे म्हणजे पाच-पन्नास काटक्यांचा विस्कटलेला पसारा. खालून पाहिले, तर कधी कधी त्यातून अंडी दिसतात. अंडी बहुधा दोन असतात. नर आणि मादी दोघेही ती आळीपाळीने उबवतात आणि दोनेक आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. पहिले काही दिवस त्या पिल्लांना दाणा नाही, किडा नाही. आईबापांच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत दह्यासारखा एक पदार्थ तयार होतो, तोच त्यांना भरवला जातो. विशेष म्हणजे तो नराच्या गळ्यातही तयार होतो. इतर अनेक पाखरांना पिल्लांसाठी अळ्या-किडे मिळतील असा मोसम गाठावा लागतो. होल्याला ती अडचण नसल्यामुळे त्याची वीण जवळजवळ वर्षभर चालू राहते. त्यामुळे आपण कोणत्याही महिन्यात होला टिपला, तरी त्याच्यामागे घरट्यात कोणी वाट पाहत नाही, अशी खात्री देता येत नाही.

अमेरिकेत मोर्निंग डव्ह, म्हणजे शोक करणारा होला, नावाचा पक्षी अनेक राज्यांत कायद्याने मारता येतो आणि लोक तो आवडीने खातात. तिथे परवाना लागतो, हंगाम लवकरात लवकर १ सप्टेंबरला, म्हणजे बरीचशी वीण आटोपल्यावर उघडतो आणि एका शिकाऱ्याने दिवसाला किती पक्षी मारावेत, यावर मर्यादा असते. योगायोग असा, की याच कुळातल्या पॅसेंजर पिजन या कबुतराची शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबरलाच मेली, १९१४ साली. त्या कबुतरांचे थवे आकाश झाकीत. तीही पुष्कळच होती. हंगाम, परवाना आणि मोजणी यांचे महत्त्व त्या देशाला फुकट कळलेले नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने होल्याची शिकार करता येत नाही. मात्र त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या फार थोड्यांनी वाचलेली असते. पक्षी मारणे किंवा पकडणे एवढ्यावर ती थांबत नाही. त्याची अंडी फोडणे, त्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणे, हेही तीत येते. म्हणजे परड्यात बेचकी ताणणारा पोरगा आणि गॅलरीत घाण नको म्हणून कुंडीतले घरटे अंड्यांसकट केरसुणीने लोटून देणारे शाकाहारी गृहस्थ, हे दोघे कायद्याच्या लेखी एकाच पंगतीत बसतात. पोराला आपण रागावतो; गृहस्थांना स्वच्छतेची आवड आहे, असे म्हणतो. माझा अंदाज आहे की शहरात छर्‍यांपेक्षा केरसुणीनेच अधिक होले गेले असतील.

मामा आता नाहीत. गेल्या आठवड्यात मी आजोळी गेलो, तेव्हा परड्याच्या भिंतीवर खुंटीला अडकवलेल्या पाण्याच्या नळीच्या वेटोळ्यात एक होली बसलेली दिसली. मामींनी नळीला हात लावायचा नाही, असे घरात बजावून ठेवले आहे, आणि माझा मामेभाऊ, काहीसा वैतागून, म्हशींसाठी बादल्यांनी पाणी वाहतो आहे. पिल्लांना पिसे फुटू लागली आहेत, तेव्हा आणखी आठवडाभर तरी त्याची सुटका नाही.