उभा टेम्पो रात्री का सरकतो

मंडळी, पुण्याच्या मार्केट यार्डातून माल भरून दिवे घाट चढणाऱ्यांना मी उतार काय शिकवणार? चालत्या गाडीचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते उभ्या गाडीबद्दल.

माझा जुना डिझेल टेम्पो बिबवेवाडीत चढाकडे तोंड करून उभा असायचा. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला. तरी सकाळी बघावं तर हातभर मागे. शेजारी म्हणाले, पोरं ढकलत असतील. भरलेला टेम्पो! एका रात्री चाकाशी खडूची रेघ मारून बसलो. बऱ्याच वेळानं तो तीन बोटं सरकला आणि थांबला. मग पुन्हा तेवढाच.

त्या तीन बोटांतच सगळं आलं. हिशेब करा. पहिल्या गिअरला पाचपट आणि हाउसिंगला, म्हणजे मागच्या एक्सलवरच्या गिअरला, पाचपट धरली, तर चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन 25 फेरे घेतं. चाकाचा घेर अडीच मीटर धरा, म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्याला गाडी 10 सेंटिमीटर जाते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक पिस्टन हवा दाबतो, म्हणजे दर पाच सेंटिमीटरला एक अडसर. ती हवा पिस्टनच्या रिंगांमधून, व्हॉल्व्हमधून हळूहळू निसटते. निसटली की गाडी पुढच्या अडसरापर्यंत येते. इंजिन नवं असलं तरी हवा निसटतेच, झिजलेल्यात लवकर. टॉप गिअरमध्ये ठेवाल तर हेच अंतर वीतभर होतं आणि धरही तेवढाच कमी. म्हणून पहिला किंवा रिव्हर्सच.

आता गाडी न थांबता सरळ घरंगळली, तर गोष्ट वेगळी. सौम्य उतार बघा, चाकापासून उताराकडे वीतभर अंतरावर दगड ठेवा, गाडीखाली कुणी जायचं नाही. गिअर टाकून हँडब्रेक सोडा आणि एकानं इंजिनच्या पुलीकडे, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या पट्ट्याच्या चाकाकडे, बघावं. गाडी सरकतेय आणि पुलीही फिरतेय, तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाची हवा दाबून धरण्याची ताकद, गेलंय. पुली स्तब्ध असेल तर क्लच घसरतोय, किंवा गिअर सुटून न्यूट्रल झालाय, नाहीतर गिअरबॉक्स ते चाक यांमधला जॉइंट किंवा एक्सल तुटलाय. लिव्हर जागेवर दिसते म्हणून फसू नका, आत गिअर अर्धवटच बसलेला असू शकतो.

चढाला पहिला, उताराला रिव्हर्स, हे आपण पाठ करतो. कारण विचारलं की गप्प. दोन्ही वेळा गाडी सरकली तर इंजिन उलटं फिरतं, त्यामुळे ते चालू होऊन गाडी ओढण्याचा धोका कमी होतो.

पण माझ्या टेम्पोत खरा चोर कॉम्प्रेशन नव्हताच. हँडब्रेक धरत असता तर इंजिनवर भार आलाच नसता. मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम काढले, तर एका बाजूचं ऑइल सील गळून ब्रेकचं लायनर तेलात भिजलेलं, दुसऱ्या बाजूची केबल गंजून आतच अडकलेली. लिव्हर मात्र नेहमीसारखी कटकट करत वर यायची! मी वर्षभर त्या आवाजावर विश्वास ठेवला. गिअर टाकत होतो, म्हणून हँडब्रेक मेलाय हे कळलंच नाही.

उद्या सकाळी सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून, दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. इंजिन बंद पडायला हवं. गाडी पुढे निघाली, तर आधी ड्रम उघडा.