वडिलांच्या नावातला देव

इजिप्तमध्ये देव हटवण्याची मोहीम शिड्यांवरून चालली. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात राजाची माणसं छिन्नी-हातोडा घेऊन देवळांच्या भिंतींवर चढली आणि 'आमून' या तिथल्या सर्वांत मोठ्या देवाचं नाव खरवडून काढू लागली. राजाच्या वडिलांचं नाव होतं आमेनहोतेप, म्हणजे 'आमून संतुष्ट आहे'. तेही सुटलं नाही. काही ठिकाणी तर 'देव' या शब्दाचं अनेकवचनच खोडलेलं आहे. व्याकरणाशी भांडणारा असा राजा मला दुसरा माहीत नाही!

तो गादीवर आला चौथा आमेनहोतेप म्हणून. पाचव्या वर्षाच्या सुमारास त्यानं स्वतःचं नाव बदलून अखेनातेन केलं आणि थीब्ज सोडून ओसाड वाळूत नवी राजधानी वसवली, आजचं अमार्ना. आतेन, म्हणजे सूर्यबिंब, हा काही त्यानं शोधून काढलेला देव नव्हे. वडिलांच्या काळातही त्याचा मान होता. अखेनातेननं एवढंच केलं की बाकीच्यांना हळूहळू बाहेर काढलं. सुरुवातीला आतेनच्या लांबलचक नावात होरस आणि शू हे जुने देव होतेच; पुढे तेही गाळले गेले. राहिलं एक गोल बिंब आणि त्याचे किरण. प्रत्येक किरणाच्या टोकाला एक छोटा हात.

हे हात नीट पाहा. ते जीवनाचं चिन्ह राजा-राणीच्या नाकाशी धरतात. दुसऱ्या कुणाच्या नाही.

आय नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात आतेनचं मोठं स्तोत्र कोरलेलं आहे. फार सुंदर आहे ते. अंड्यातल्या पिल्लाला आतच श्वास देणारा देव. परक्या मुलखांसाठी आकाशात नाईल ठेवणारा देव, पावसाला त्यांनी असं म्हटलंय! पण त्याच स्तोत्रात राजा म्हणतो की तुला ओळखणारा माझ्यावाचून कुणी नाही. घोडं पेंड खातं ते इथे. देव एक झाला खरा, पण त्याच्याकडे जाणारी वाटही एकच ठेवली, आणि ती राजवाड्यातून जाणारी. पूर्वी सणाला आमूनची मूर्ती नावेच्या आकाराच्या पालखीतून बाहेर यायची, लोक तिला कौल लावायचे. आता घरच्या देव्हाऱ्यात काय, तर आतेनच्या किरणांखाली बसलेलं राजाचं कुटुंब! म्हणून याला एकेश्वरवाद म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते.

आणि लोकांनी काय केलं? राजधानीला लागूनच थडगी खोदणाऱ्या कामगारांची वस्ती होती. तिथल्या उत्खननात बेस आणि तावेरेत सापडले. बेस म्हणजे जीभ बाहेर काढलेला बुटका देव, तावेरेत पाणघोड्याच्या रूपातली देवी. दोघं बाळंतिणीचे राखणदार. घरात बाई अडली असताना बिंबाकडे पाहून कुणाला धीर येणार, सांगा.

सतरा वर्षांच्या राज्यानंतर अखेनातेन गेला. पुढे गादीवर आलेल्या तुतानखातेन या पोराचा तुतानखामून झाला. त्याच्या शिलालेखात तक्रार आहे की देवळांत रान माजलं होतं आणि देव हाकेला ओ देत नव्हते. नंतर राजा झालेल्या होरेमहेबनं आतेनची देवळं पाडून त्यांचे दगड थीब्जमधल्या कर्नाकच्या देवळाच्या प्रवेशमनोऱ्यांत भर म्हणून कोंबले. त्या भरीमुळेच त्यांतले हजारो दगड आज आपल्याला पाहायला मिळतात.

आणि तो आय? तुतानखामूननंतर तोच राजा झाला. स्तोत्र कोरलेलं अमार्नाचं थडगं त्यानं तसंच अर्धवट सोडलं. स्वतःसाठी नवं थडगं घेतलं ते थीब्जला, जुन्या देवांच्या शेजारी.