जादा तासाला घराची जोड

(सांगलीत पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. शाळेत जादा तास चालतात. कुठे शिष्यवृत्तीचे, कुठे गणिताचे, कुठे विज्ञान मंडळाचे. पालक सभेत त्यावर एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, घरी काय करून घ्यायचं?" आणि लगेच दुसरं वाक्य, "आम्हाला तर यातलं काही येत नाही."

आजचं बोलणं त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे. तुम्हाला ते येण्याची गरज नाही. वर्गात कळलेली गोष्ट मुलाला घरात वापरायला मिळते का, एवढं घरानं बघायचं. घरी पुन्हा शिकवायला बसलात की गोंधळ वाढतो. शाळेत भागाकाराची एक रीत, बाबांची दुसरी, शेजारच्या ताईची तिसरी. मूल तिन्हींत अडकतं आणि परीक्षेत पाटी कोरी. त्यापेक्षा जादा तास झाला त्याच संध्याकाळी वीस मिनिटं काढा आणि म्हणा, "आज जे उदाहरण केलंस ते मला करून दाखव." बघणारी आजी असली तरी चालते. मूल बोलता बोलता जिथे थांबतं, तिथेच त्याला नीट कळलेलं नसतं. ती जागा वहीत पेन्सिलीने गोल करायची आणि पुढच्या तासाला बाईंना विचारायची. हे दोन दिवसांनी करू म्हटलं तर निम्मं विसरलेलं असतं.

आता वापरायला द्यायचं म्हणजे काय, ते सांगतो. सांगलीकरांना पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी पाठ असते. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, ते या गावात कुणाला सांगावं लागत नाही. ही पातळी पेपरात रोज छापून येते. मुलाला एक आलेख कागद द्या. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर फूट, एका सेंटिमीटरला पाच फूट धरले की साठ फूट बारा सेंटिमीटरांत बसतात. ४० वर आणि ४५ वर लाल रेघ मारायची आणि रोज एक ठिपका द्यायचा.

इथे एक चूक बहुतेक मुलं करतात. पेपरात जे आकडे आले तेच उभ्या रेषेवर सारख्या अंतरावर लिहीत जातात, १२, मग १८, मग ३१, मग ४०. मग रेघ सरळ चढत जाते आणि पाणी रोज सारखंच वाढलं असं दिसतं. खोडून टाकू नका. शेजारी पाच-पाचच्या अंतराने दुसरा आलेख काढू द्या आणि दोन्ही समोर ठेवा. १८ वरून ३१ वर गेलेली उभी चढण दिसली की प्रमाण कशासाठी धरायचं, हे मुलाला आपोआप कळतं. कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सोडला तेही खाली लिहू द्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. आकडे मात्र पेपरातूनच घ्यायचे. पातळी बघायला मुलांना घाटावर पाठवू नका.

याच्या जोडीला पर्जन्यमापक. एक-दोन लिटरची, सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्या. मान संपून अंग जिथे सरळ होतं तिथे कापा. कापलेला वरचा भाग झाकण काढून उलटा आत बसवा, नरसाळ्यासारखा. तोंडाचा आणि बाटलीचा घेर एकच असल्यामुळे साधी मोजपट्टी चालते, आकडेमोड लागत नाही. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून तळाशी थोडे खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. हे पाणी भरायचं राहून गेलं तर पहिला आकडाच खोटा येतो. वाऱ्यात पडू नये म्हणून बाटली वाळूच्या कुंडीत रोवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. पागोळीखाली ठेवलेली बाटली आकाशातला पाऊस मोजत नाही, कौलांवरचा मोजते. नोंद रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याचीही तीच वेळ आहे, त्यामुळे पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. नोंद झाली की शून्याच्या खुणेपर्यंतचं पाणी ठेवून बाकीचं ओतून द्यायचं.

एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं तर वहीत शून्य लिहायचं नाही, "नोंद नाही" लिहायचं. पाऊस न पडणं वेगळं आणि आपण न बघणं वेगळं. विज्ञानाच्या वहीत हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो घरच्यांनीच जपावा लागतो, कारण सकाळच्या गडबडीत "लिही शून्य आणि चल" असं आपणच म्हणतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. घराचं छत पन्नास चौरस मीटर असेल तर वीस मिलिमीटर पावसात त्यावर हजार लिटर पाणी पडतं. हा हिशेब मुलाला स्वतः करू द्या, तुम्ही फक्त छताची लांबी-रुंदी मोजायला टेपचं दुसरं टोक धरा.

स्वयंपाकघरातही सांगलीचीच वस्तू आहे, हळद. दोन चमचे सॅनिटायझरमध्ये अर्धा चमचा हळद कालवून टीपकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवा आणि सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो. साध्या पाण्यात हळद नीट विरघळत नाही, कागदावर नुसते कण बसतात. सॅनिटायझर पेटतो, म्हणून गॅस बंद असताना, मोठ्यांच्या समोर. साबणाच्या पाण्यात पट्टी तांबडी होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. मग मूल म्हणतं, लिंबाच्या रसातही पिवळी आणि पाण्यातही पिवळी, म्हणजे दोन्ही एकच. त्याला चूक म्हणू नका, त्यानं बघितलं ते खरं आहे. हळद फक्त अल्कली ओळखते, आम्ल ओळखत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून बघा.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, वेळ दीड तास. एका प्रश्नाला ७२ सेकंद पडतात. घरी अख्खा पेपर रोज सोडवून घेऊ नका, मूल कंटाळतं आणि शेवटचे प्रश्न अंदाजाने ठोकतं. वीस प्रश्न आणि चोवीस मिनिटं पुरे. तुम्ही घड्याळ धरायचं. झाल्यावर गुण किती, हे पहिलं विचारू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे मुलानंच लिहायचं, येत नव्हतं, की प्रश्न नीट वाचला नाही, की आकडेमोड चुकली. "पुढीलपैकी कोणते नाही" यातलं "नाही" डोळ्यांतून निसटतं, तिथे त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा. येतच नव्हतं, ते प्रश्न शिक्षकांकडे. आणि प्रश्न सोडला तर उत्तरपत्रिकेतला गोलही सोडायचा. एक गोल सरकला की पुढची सगळी बरोबर उत्तरं चुकीची ठरतात.

प्रकल्पाबद्दल मात्र मी स्पष्ट बोलतो. आदल्या रात्री दुकानातून आणलेला थर्माकोलचा तयार ज्वालामुखी दिसायला छान असतो, पण परीक्षक एकच प्रश्न विचारतात, "हे असं का केलंस?" आणि मूल बापाच्या तोंडाकडे बघतं. त्या क्षणी त्या लेकराला काय वाटत असेल, याचा विचार करा. वाकडा चिकटवलेला पुठ्ठा चालेल, चुकलेलं मोजमापही चालेल, वहीत तारखेसह लिहिलेलं असलं म्हणजे झालं. घरात बुटांचा एक रिकामा खोका ठेवा. त्यात कात्री, चिकटपट्टी, मोजपट्टी, दोरा, चुंबक, थोडे आलेख कागद. काम अर्धवट राहिलं तरी तो पसारा आवरून टाकू नका, दुसऱ्या दिवशी मूल तिथूनच उचलतं.

द्राक्षाच्या छाटणीत, ऊसतोडीच्या दिवसांत घरात कुणालाच उसंत नसते, हे मला कळतं. त्या दिवसांत कामातूनच प्रश्न काढा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. तीन किलो गेलं कुठं? उत्तर तुम्हाला माहीत आहे, पण सांगू नका. मूठभर द्राक्षं, किराणा दुकानातला काटा आणि पंधरा दिवस त्याला द्या. रोजचं वजन वहीत लिहून ती वही बाईंना दाखवायला पाठवा.