पदवीनंतरची दोन वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोकणात मूल पदवीधर झालं की घरात पहिला प्रश्न येतो, मुंबईला कधी जायचं? मामा डोंबिवलीत आहे, काका नालासोपाऱ्यात आहे, लागेल कुठेतरी. गुण चांगले असले तरी एम. ए., एम. एस्सी.चं नाव काढताना मूल कचरतं. आणखी दोन वर्षं आईबापांवर भार कसा टाकायचा? आंब्याचा हंगाम बेभरवशाचा, मासळीचं तर बोलायलाच नको. पण या दोन वर्षांचा खर्च गुणांवर मिळू शकतो, आणि आपली मुलं तो मागायलाच जात नाहीत. याची मला मनापासून खंत वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाची पदव्युत्तर शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. देशभरात १०,००० जागा, महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने. म्हणजे वर्षाला दीड लाख. निवड पदवीच्या गुणांवर होते आणि ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. प्रवेश मात्र नियमित, पूर्णवेळ अभ्यासक्रमाला हवा. इंजिनिअर मुलांनी गेट ही एम. टेक.साठीची परीक्षा दिली आणि मान्यताप्राप्त संस्थेत एम. टेक.ला प्रवेश मिळवला, तर दरमहा १२,४०० रुपये मिळतात. त्याला घरच्या उत्पन्नाची अट नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून किंवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची प्रवेश परीक्षा आहे, तिच्यातल्या क्रमांकावरही शिष्यवृत्ती मिळते.

काही घरांत शिष्यवृत्ती म्हणजे कुणापुढे हात पसरणं असं वाटतं. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. हेच चिंतामणराव पुढे १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. ही परंपरा आपल्या मातीतली आहे, तिच्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता अडतं कुठे ते सांगतो, कारण मुलं गुणांत मागे पडत नाहीत, कागदात मागे पडतात. राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी असते, ती आधारवर होते. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच खोळंबा. मग बँक. पैसे मुलाच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात. वडिलांच्या खात्याचा उपयोग नाही. बँकेत जाऊन आधार सीडिंग, म्हणजे खातं आधारशी जोडणं, झालंय का, हे स्पष्ट विचारा. नुसतं केवायसी, म्हणजे ओळखीची तपासणी, झालं म्हणजे सीडिंग झालं असं नव्हे.

अर्ज भरला की काम संपलं, असंही समजू नका. तो तुमच्या कॉलेजने पोर्टलवर तपासून पुढे पाठवावा लागतो. कॉलेजने तो तसाच ठेवला तर कितीही गुण असोत, अर्ज तिथेच पडून राहतो. म्हणून कॉलेजच्या ऑफिसात जा, हे काम कुणाकडे आहे ते विचारा आणि मुदतीआधी स्वतः पोर्टलवर स्थिती बघा. त्रुटी दाखवून अर्ज परत आला असेल तर दुरुस्तीलाही मुदत असते. प्राध्यापक मंडळींनाही माझी कळकळीची विनंती आहे, सूचना फलकावर लावून थांबू नका. शेवटच्या वर्षाच्या वर्गात जाऊन सांगा, आणि निकालानंतर नाही, निकालाच्या आधी सांगा.

गणपतीला चाकरमानी गावी येतात, सगळं घर एकत्र बसतं आणि मुलांचं पुढचं बहुधा तेव्हाच ठरतं. त्या बैठकीत हा विषय काढा. गेटची परीक्षा फेब्रुवारीत असते, पण तिचे अर्ज साधारण त्याच सुमारास सुरू होतात.

नमस्कार.