१० गाणी, २९ मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय थ्रॅश मेटलबद्दल. ज्या घरात हे संगीत लागतं, त्या घरात 'आधी तो आवाज कमी कर' हे वाक्यही लागतंच. मी काही आवाज कमी करायला लावणाऱ्यांच्या पक्षातला नाही, पण आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. सगळा थ्रॅश सांगत बसत नाही, एकच अल्बम घेतो. स्लेयर या अमेरिकन बँडचा 'रेन इन ब्लड'. ७ ऑक्टोबर १९८६ ला तो बाजारात आला. त्यात १० गाणी आहेत आणि ती सगळी मिळून साधारण २९ मिनिटांत संपतात. १० गाणी, २९ मिनिटं. आकडे लक्षात असू द्या.

थ्रॅश म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही अमेरिकन पोरांनी ब्रिटिश हेवी मेटलची गिटार उचलली, हार्डकोर पंकचा वेग आणि तिरसटपणा उचलला आणि दोन्ही एकत्र वाजवायला घेतलं. मेटालिका, मेगाडेथ, अँथ्रॅक्स आणि स्लेयर ही त्यातली चार मोठी नावं. १९८६ च्याच मार्चमध्ये मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आला होता. त्यात ८ गाणी आणि जवळजवळ ५५ मिनिटं. मोठाच अल्बम तो, वाद नाही. पण आज विषय दुसरा आहे.

आता किस्सा. तो सांगायचाय म्हणूनच खरं तर मी आज इथे बसलोय.

१९८६ चा उन्हाळा, लॉस एंजेलिस. स्टुडिओत स्लेयरचे चार जण. गाणारा आणि बेस गिटार वाजवणारा टॉम अराया, मूळचा चिलीचा. हा आधी श्वसनविकाराच्या रुग्णांवर उपचार करणारा थेरपिस्ट होता आणि त्या पगारातले पैसे त्याने बँडच्या पहिल्या अल्बमात घातले होते. केरी किंग आणि जेफ हॅनमन हे दोघे गिटारवर. ड्रमवर डेव्ह लोम्बार्डो, हा हवानात जन्मलेला. सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. काचेच्या पलीकडे प्रोड्यूसर रिक रुबिन, तोही अवघा २३ वर्षांचा. न्यूयॉर्कमध्ये कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीतून त्याने डेफ जॅम ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली होती आणि नाव कमावलं होतं ते रॅपमध्ये. मेटलचा अल्बम त्याने तोवर केलेला नव्हता.

थोडं विषयांतर होतंय, होऊ दे. रॅप ऐकणारा मेटल ऐकत नाही आणि मेटलवाला रॅपचं तोंड बघत नाही, असं छातीठोक सांगणारे लोक मला भेटतात. त्याच सुमारास रुबिन बीस्टी बॉइज या रॅप गटाचा पहिला अल्बम करत होता आणि त्यातल्या एका गाण्यात गिटारचा सोलो, म्हणजे गिटारने एकटीने पुढे येऊन वाजवायचा तुकडा, वाजवला तो याच केरी किंगने. कप्पे दुकानदार पाडतात, वाजवणारे नव्हे. असो.

तर रेकॉर्डिंग झालं. मिक्सिंग झालं. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे, हे सगळं तर २९ मिनिटांतच आटोपतंय! त्या काळात ४० मिनिटांच्या आसपासचा अल्बम म्हणजे ठीकठाक. याच बँडचा आधीचा अल्बम ३७ मिनिटांचा होता आणि त्यात गाणी फक्त ७. म्हणजे इथे गाणी वाढली आणि वेळ घटला. असं का झालं, तर हॅनमनने ते नंतर साधेपणाने सांगितलंय. त्या दिवसांत ते मेटालिका, मेगाडेथ ऐकत होते आणि तेच तेच रिफ, म्हणजे गिटारचे छोटे तुकडे, परत परत ऐकून कंटाळत होते. आपलंच एखादं कडवं दोन-तीनदा वाजवलं की त्यांना त्याचाही वीट यायचा. गाणी छोटी करायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांचा कंटाळाच एवढा चपळ होता!

पण आता पंचाईत. २९ मिनिटांच्या मालाला अल्बम म्हणायचं का? त्यांनी रुबिनला विचारलं. या जागी दुसरा एखादा प्रोड्यूसर असता तर काय झालं असतं, जरा डोळ्यांपुढे आणा. 'धृपद आणखी दोनदा घ्या.' 'सोलो थोडा लांबवा.' 'कुणाचं तरी जुनं गाणं वाजवून टाका, पाच मिनिटं निघतील.' दुधात पाणी घालायच्या युक्त्या का कमी असतात? रुबिन यातलं काहीही बोलला नाही. त्याचं म्हणणं एवढंच की १० गाणी आहेत, कडवी आहेत, सोलो आहेत, धृपदं आहेत, झाला की अल्बम. विषय संपला. एक घाव दोन तुकडे.

आणि त्यातूनच निघाली ती माझी लाडकी गोष्ट, कॅसेटची. कॅसेट काय चीज होती ते तुम्हाला सांगायला नको, गुंडाळी सैल झाली की पेन्सिल कुठे घालायची तेही तुम्ही जाणता. साठ मिनिटांच्या टेपची एक बाजू ३० मिनिटांची. आणि आपला अल्बम २९ मिनिटांचा. अख्खा अल्बम एका बाजूत बसला! मग दुसऱ्या बाजूचं काय करायचं? दुसऱ्या बाजूवरही पुन्हा तोच अख्खा अल्बम. बाजू अ वर १० गाणी, बाजू ब वर तीच १० गाणी. शेवटचं गाणं संपलं, कॅसेट उलटली, की पहिल्या गाण्यातली अरायाची ती लांबलचक किंकाळी परत हजर. रिवाइंड करायची भानगड नाही, टेप कुठे थांबवली होती ते आठवायची भानगड नाही. केरी किंगलाही हे फार आवडायचं: एकदा ऐकायचं, उलटायचं, परत ऐकायचं.

हे मी पुन्हा सांगतो, कारण मला यात सगळं दिसतं. त्यांच्याकडे टेपची पूर्ण एक बाजू रिकामी पडली होती. ती भरायला नवं काहीही केलं गेलं नाही. जे तयार होतं तेच परत दिलं. तडजोड न करणं म्हणतात ते हे. दात-ओठ खाऊन फोटो काढण्यात काय आहे, ते कुणीही करेल.

पुढची कहाणी झटपट. डेफ जॅमचा माल कोलंबिया ही मोठी रेकॉर्ड कंपनी विकायची. मुखपृष्ठ आणि 'एंजल ऑफ डेथ' हे पहिलं गाणं बघून कोलंबियाने हात वर केले. गाणं ऑशविट्झच्या छळछावणीतल्या जोसेफ मेंगेले या नाझी डॉक्टरवर आहे. गाण्यात त्याच्या क्रूरकर्माचं नुसतं वर्णन आहे, निषेधाचा एक शब्द नाही. हॅनमनचं म्हणणं होतं की तो वाईट होता हे वेगळं सांगायची गरजच नाही. ज्याला हे पटत नाही, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. मलाही ते गाणं दर वेळी ऐकवत नाही. शेवटी गेफन या दुसऱ्या कंपनीने अल्बम बाजारात आणला, पण आपल्या अधिकृत यादीत त्याचं नाव घातलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं याहून वेगळं ते काय? तरीही अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ९४ व्या क्रमांकापर्यंत चढला आणि १९९२ मध्ये अमेरिकेत गोल्ड, म्हणजे पाच लाख प्रतींचा, ठरला.

आता आवाज कमी करायला लावणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट, एकच. हा अल्बम नुसता मोठ्या आवाजाचा नाही, तो कोरडा आहे. रुबिन आणि ध्वनिमुद्रक अँडी वॉलेस यांनी रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागे रेंगाळणारा घुमारा, जवळजवळ काढूनच टाकला. का? हिशेब करून बघा. मिनिटाला २१० ठोक्यांची लय असेल आणि एका ठोक्यात गिटारचे चार आघात, तर सेकंदाला १४ आघात होतात. घुमारा एक सेकंद टिकला, तर एका आघातावर पुढचे १४ चढून बसतात आणि उरतो तो गोंगाट. घुमारा काढला की प्रत्येक आघात सुटा होतो. त्यात वाजवणाऱ्याने उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, तारांवर टेकवलेली, म्हणजे सूर उमटतानाच दाबला जातो. तुम्हाला जो गोंगाट वाटतो, तो असा मोजूनमापून केलेला आहे.

पडताळून बघायचं असेल तर 'एंजल ऑफ डेथ'च्या उत्तरार्धात एक जागा आहे. गिटार थांबतात, गाणारा थांबतो, ड्रमरचे हातसुद्धा थांबतात. काही क्षण फक्त लोम्बार्डोचे दोन पाय, दोन बेस ड्रमवर. मग सगळे एकदम कोसळतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त ते पाय ऐका, बाकी सोडून द्या. ते ऐकू आले की 'रेनिंग ब्लड' या शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला गडगडाटात येणारे ड्रमचे ते तीन-तीन ठोके ऐका.

आणि एक कळकळीची विनंती. १९९८ च्या आवृत्तीत शेवटाला दोन गाणी जोडलेली आहेत. बोनस म्हणे! जी बाजू रिकामी असताना त्यांनी भरली नाही, ती बारा वर्षांनी दुसऱ्यांनी भरली. तुमच्या हाती ती आवृत्ती आली तर दहाव्या गाण्यानंतर सरळ बंद करा आणि पहिल्यापासून लावा.

नमस्कार.