बोंडाला पाकळ्या किती?

(दृश्य: सकाळ. धुकं विरत चाललंय. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासात वाकलेल्या मुली, कमरेला ओटी.)

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. अमरावती जिल्ह्यातलं आमचं गाव. दुसरा वेचा सुरू आहे आणि ओटी भरणारे हे हात अकरावी-बारावीच्या मुलींचे आहेत. हात बोंडावर, तोंडात प्रश्न.

"वर्धा आन् वैनगंगा मिळून कोणती नदी?"
"प्राणहिता."
"मंग ते कुठं जाते?"
"गोदावरीत. सिरोंच्यापाशी."
"आन् पैनगंगा?"
"ते तं आधीच वर्धेत येते ना!"

दुपारी कापूस घरी पोहोचेल, काट्यावर चढेल. संध्याकाळी सात वाजता ह्याच मुली शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसलेल्या दिसतील. आज २७ डिसेंबर आहे. १८९८ साली ह्याच तारखेला आपल्याच जिल्ह्यातल्या पापळ गावी पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख जन्मले. भाऊसाहेबांच्या जयंतीला आमच्याकडे भाषणं थोडक्यात आटोपतात आणि सामान्य ज्ञानाची स्पर्धा चांगली दोन-अडीच तास चालते.

(दृश्य: व्हरांडा. दोन बल्ब. टेबलावर सायकलची जुनी घंटी.)

बझर नाही. फळीवर ठोकलेल्या ह्या सायकलच्या घंट्या आहेत, प्रत्येक गटापुढे एक. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे. दिवाळी झाली की एक वही घेऊन बसतो, आणि खरं सांगतो, वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच आहे.

पहिल्या वर्षी मी सोपा मार्ग धरला होता. बाजारात मिळणारं एक गाईड आणलं आणि त्यातले शंभर प्रश्न उतरवून काढले. महाराष्ट्रात जिल्हे किती? पस्तीस. एका मुलानं छत्तीस सांगितलं आणि मी चूक दिली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला होता, गाईड मात्र त्याच्या आधीच छापलेलं. भारताचा राष्ट्रीय खेळ? हॉकी, असं त्यात ठळक अक्षरात होतं. केंद्र सरकारनं कुठलाही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. राष्ट्रभाषा? हिंदी, असं लिहिलेलं. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा हा शब्द तिथं नाही. ग्रह नऊ, असंही होतं. प्लूटोला २४ ऑगस्ट २००६ ला त्या यादीतून वगळलं, म्हणजे आज बारावीत असलेली मुलं जन्मायच्याही आधी. ज्या मुलानं तेव्हा छत्तीस म्हटलं होतं त्याचे गुण मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन दिले. पण त्याची घंटी तर आदल्या रात्रीच वाजून गेली होती.

तेव्हापासून प्रत्येक प्रश्न दोन ठिकाणी तपासल्याशिवाय वहीत उतरत नाही.

(दृश्य: सडकेवर पहाटे धावणारी मुलं. हातात स्टॉपवॉच घेतलेला एक जण.)

ह्या मुलांना सामान्य ज्ञान कशाला लागतं, हे गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पोलीस भरतीत लागतं, तलाठ्याच्या परीक्षेत लागतं. पहाटे पाचला धावायचं, मग अभ्यासिकेत बसून पाठांतर. त्या पाठांतराला मी नावं ठेवणार नाही, एका नोकरीनं घर उभं राहतं इथं. पण सतरा वर्षांच्या पोराचं डोकं नुसत्या पाठांतराहून पुष्कळ मोठं असतं. त्याला इतिहास येतो, भूगोल येतो, रसायन येतं. तिन्ही एकमेकांना जोडायला लावणारा प्रश्न मात्र त्याला कोणी विचारत नाही.

आता हा प्रश्न ऐका. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या एका खेड्यात राहायला आले. त्या खेड्याचं नाव तेव्हा सेगाव. १९४० मध्ये ते बदलून सेवाग्राम केलं. का बदललं?

(दृश्य: एक गट. तीन डोकी एकत्र. कुजबुज.)

हे उत्तर कुठल्याही गाईडात नव्हतं. अकरावी कलाची एक मुलगी बोटानं सतरंजीवर रेल्वेची लाईन काढत होती. वर्धा, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला... आणि एकदम घंटीवर हात. "सर, शेगावमुळं! गजानन महाराजांचं शेगाव. चिठ्ठ्या तिकडं जात असन!" अगदी बरोबर. नावांच्या सारखेपणामुळं गांधीजींची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायची. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती आजीबरोबर शेगावच्या वारीला गेली होती, आणि सेवाग्राम शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी तिच्याजवळ होत्याच. ती उठून उभी राहिली तेव्हा मागं बसलेल्या तिच्या आजीनं पदर तोंडाला लावला.

मला प्रश्न हवा असतो तो असा.

शकुंतला, म्हणजे आमच्याकडची अरुंद रुळांवरची आगगाडी. तिचा प्रश्न दरवर्षी वेगळ्या रूपात येतो. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन यवतमाळ–मूर्तिजापूर रुळांवर १९९४ पर्यंत धावलं, ही अरुंद लाईन मुळात काय वाहून न्यायला टाकली होती? उत्तर व्हरांड्याच्या बाहेर गंजी घालून ठेवलंय, कापूस. पण ते सापडल्यावर पोरं गप्प होतात, कारण पुढचा प्रश्न त्यांना आपोआप पडतो. इथला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला गेला, तर कापड कोणी विकलं आणि कोणाला? तो प्रश्न वहीत नसतो. तो मुलं घरी घेऊन जातात.

आणि लोणार. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. का झालं, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं शोधून काढलं. खारट पाण्यात वाढणाऱ्या, रंगीत द्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. आम्ही विचारलं होतं, ते उन्हाळ्याच्या शेवटीच का झालं असावं? विज्ञानाचा मुलगा म्हणाला, पाणी आटलं की मीठ तेवढंच राहतं. त्याच गटातल्या कलाच्या मुलीनं जोड दिली, मग पाऊस आल्यावर रंग गेला असेल. म्हणून आमचा नियम आहे, एका गटात तिघं, आणि तिघं एकाच शाखेचे चालणार नाहीत.

बाकी नियम चार ओळींचे. बरोबर उत्तराला दहा, दुसऱ्या गटाकडून पास होऊन आलेल्या प्रश्नाला पाच. चुकीला गुण कापत नाही. एक वर्ष कापून पाहिले, तर मुली घंटीला हातच लावेनात.

(दृश्य: गोंधळ. दोन गट उभे. मागून म्हाताऱ्यांचे आवाज.)

आता त्या भांडणाबद्दल सांगायला हवं. तेही जयंतीच्या रात्रीच झालं. प्रश्न मीच काढलेला. भारताचे पहिले कृषिमंत्री कोण? एका गटानं घंटी वाजवली, "पंजाबराव देशमुख." टाळ्या. तेवढ्यात दुसऱ्या गटातला एक मुलगा उभा राहिला. "सर, १५ ऑगस्ट १९४७ ला मंत्रिमंडळात अन्न आन् शेती खातं राजेंद्रप्रसादांकडं होतं."

व्हरांडा तापला. "भाऊसाहेबांच्या जयंतीले असं बोलतेस?" असं कोणीतरी मागून म्हणालं. मुलगा घाबरला, पण खाली बसला नाही. आणि त्याचं खरं होतं. राजेंद्रप्रसादांनंतर जयरामदास दौलतराम आले, त्यांच्यानंतर कन्हैयालाल मुनशी. पंजाबराव १९५२ च्या निवडणुकीत अमरावतीतून लोकसभेवर गेले आणि त्यानंतर केंद्रात शेती खात्याचं काम त्यांच्याकडे आलं.

मी प्रश्न रद्द केला. दोन्ही गटांना गुण दिले नाहीत, ह्याचं अजून वाईट वाटतं. त्या मुलाला द्यायला हवे होते. पण त्याच रात्री तिथंच वही उघडून मी प्रश्न नव्यानं लिहिले आणि मोठ्यानं वाचले. दिल्लीत १९५९ साली भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागे विदर्भातले कोणते नेते होते? भारत कृषक समाज कोणी स्थापन केला? अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये झालेल्या सत्याग्रहात पुढं कोण होतं? मागच्या रांगेतली म्हातारी माणसं एकेक उत्तर देत गेली. तिन्हींना उत्तर एकच होतं. "पहिले" ह्या शब्दाशिवाय माणूस लहान झाला नाही, उलट त्या रात्री पोरांना तो पहिल्यांदा नीट भेटला.

(दृश्य: रात्र. थंडी. सगळे चादरी गुंडाळून. चहाचे पेले.)

शेवटची फेरी उलट असते. मुलं विचारतात, मोठ्यांनी सांगायचं. यंदा सकाळी तासात वाकलेली ती बारावीची मुलगी उभी राहिली.

"पऱ्हाटीच्या बोंडाला पाकळ्या किती?"

पाकळ्या म्हणजे उकललेल्या बोंडातले कापसाचे कप्पे. समोर पन्नास-साठ माणसं. जन्म कापसात गेलेला. एक जण म्हणाला चार. दुसरा पाच. एका बाईनं तीन म्हटलं, देशी कापसाच्या आठवणीनं बहुतेक. वाद वाढला तसा एक काका उठले, चप्पल घातली आणि बॅटरी घेऊन शाळेमागच्या वावरात गेले. परत आले ते ओंजळभर बोंडं घेऊन.

(दृश्य: टेबल. बल्बखाली बोंडं. डोकी वाकलेली.)

पहिलं बोंड. चार.

दुसरं. पाच.

तिसरं पुन्हा चार.

मुलगी माझ्याकडे बघते आहे, कोणतं उत्तर धरायचं म्हणून. काकांनी चौथं बोंड उचललंय.